आधी खोली मोजा, मग मोड निवडा

होम थिएटरवर हीरोचे संवाद नीट कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला, की पुढच्याच मिनिटाला गाणं सुरू होतं आणि शोकेसमधली भांडी नाचायला लागतात. मग रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज देणाऱ्या यंत्राच्या, रिमोटवरची 'मूव्ही', 'म्युझिक', 'गेम' ही बटणं आलटून पालटून दाबली जातात. एखाद्या मोडमध्ये थोडं बरं वाटतं, म्हणून तोच वर्षभर ठेवला जातो. ही पद्धत मुळातच उलटी आहे. हॉलमध्ये बेस, म्हणजे खालचा जड आवाज, घुमत असेल, संवाद फाटत असतील, तर तो खोलीचा आणि मांडणीचा दोष असतो आणि कुठलाही मोड तो काढू शकत नाही. मोडचं काम वेगळं असतं: आलेला आवाज किती आणि कोणत्या स्पीकरांत वाटायचा, एवढंच तो ठरवतो. त्यामुळे क्रम असा: मांडणी, मग रिसीव्हरसोबत आलेल्या माइकने खोलीचं माप, मग मापात हाताने दुरुस्ती, आणि सगळ्यात शेवटी मोड.

माइक जोडण्याआधी

नागपुरातल्या फ्लॅटचा हॉल साधारण १२ बाय १६ फुटांचा धरू. खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, वर पीओपी. १६ फुटांच्या लांबीत साधारण ३५ हर्ट्झला (हर्ट्झचा आकडा जितका लहान तितका सूर खालचा) आणि १२ फुटांच्या रुंदीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतीभिंतींत अडकून फुगतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर हा फुगवटा तिथे सर्वांत जास्त ऐकू येतो. सोफा बरोबर खोलीच्या मध्यावर आणला तर उलट होतं, तोच ३५ हर्ट्झचा बेस तिथे जवळपास गायब होतो. हा खड्डा इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करून, भरता येत नाही. रिसीव्हरने त्या ठिकाणी जास्त ताकद दिली, तर भिंतीवरून परत येणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. फुगवटा मात्र कापता येतो. म्हणून सोफा भिंतीपासून निदान फूट-दीड फूट पुढे घ्या, आणि मध्यावर बसू नका.

सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा स्पीकर (थोडक्यात सब), कोपऱ्यात 'जागा आहे म्हणून' ठेवलेला असतो. त्याची योग्य जागा शोधायची जुनी आणि पक्की युक्ती आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागेवर, म्हणजे सोफ्यावरच ठेवा. एकसारखा बेस असलेलं काहीतरी लावा आणि जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे तिथे जमिनीजवळ कान नेऊन ऐका. जिथे बेस भरलेला पण स्वच्छ ऐकू येतो, एकच सूर धमधमत नाही, तिथे सब ठेवा. घरच्यांना हा प्रकार विचित्र वाटेल, पण अर्ध्या तासाचं काम आहे.

सेंटर, म्हणजे संवाद वाजवणारा मधला स्पीकर, टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असतो, ही दुसरी नेहमीची चूक. त्याचा पुढचा भाग कप्प्याच्या कडेला आणा आणि तोंड थोडं वर करून कानाच्या दिशेने वळवा. पुढच्या बाजूने खाली रबराचं छोटं बूच ठेवलं तरी भागतं. संवादांच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

टाइल्सच्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टाळीमागे टिणटिण असा शेपटासारखा आवाज राहिला तर स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा टाका आणि काचेच्या खिडकीवर दुहेरी पडदा लावा. गांधीबागेतून जड कापड आणलं तर फार खर्च येत नाही. पातळ नेटचा पडदा दिसायला छान, आवाजाला त्याचा उपयोग शून्य.

माप घेताना

प्रत्येक कंपनीच्या मोजणीचं नाव वेगळं असतं. डेनॉन आणि मरांत्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ऑन्कियोमध्ये अॅक्यूइक्यू आणि वरच्या काही मॉडेलांत डिरॅक. पायाभूत तत्त्व सगळ्यांचं एकच: माइक स्पीकरांतून येणारे ठरावीक आवाज ऐकतो, त्यावरून अंतर, पातळी आणि चढउतार काढतो. ऑडिसीच्याही पायऱ्या आहेत. एक्सटी आणि एक्सटी३२ या आवृत्त्या ८ जागांवर माप घेतात, साधी मल्टइक्यू ६ जागांवर.

सुरुवातीला सबवर हात फिरवा. त्याचा आवाजाचा नॉब मध्यावर, क्रॉसओव्हर किंवा लो-पासचा नॉब अगदी शेवटपर्यंत किंवा 'एलएफई' (चित्रपटातला बेसचा वेगळा ट्रॅक) खुणेवर, फेज शून्यावर, आणि पॉवर 'ऑटो'ऐवजी 'ऑन'वर. 'ऑटो'वर असेल तर सब झोपेतून उठेपर्यंत चाचणीचा पहिला आवाज निघून जातो आणि रिसीव्हर 'सबवूफर नाही' असा निष्कर्ष काढतो.

माइक सोबतच्या पुठ्ठ्याच्या स्टँडवर ठेवता येतो, पण कॅमेऱ्याचा ट्रायपॉड असेल तर सरळ तो वापरा. उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी, माइकचं टोक छताकडे. माइक हातात धरून बसू नका आणि सोफ्याच्या पाठीवर आडवा ठेवू नका. पाठ उंच असेल तर माइक तिच्याहून थोडा वर घ्या, नाहीतर मागच्या कापडावरून परतलेला आवाज मापात शिरतो. पहिली जागा म्हणजे मुख्य बैठक, कारण अंतर आणि पातळी ह्याच जागेवरून ठरते. बाकीच्या जागा तिच्या आजूबाजूला दोन फुटांच्या आत ठेवा: थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, थोडं पुढे. खोलीच्या कोपऱ्यातल्या दिवाणावरचं माप घेऊन सगळ्यांचं भलं होत नाही, उलट मुख्य जागेचंही बिघडतं. एकटा माणूस पाहणार असेल तर जागा आणखी जवळ जवळ ठेवा.

आता गोंगाट. आपल्याकडे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत कूलर बंद करायचा म्हणजे घरात भांडण. तरीही माप घेताना कूलर, पंखे, एसी बंद हवेत, हॉलमध्ये फ्रिज असेल तर तोही. वायपाओमध्ये गोंगाट जास्त झाला की ई-५ असा संदेश येतो, ऑडिसीतही गोंगाट जास्त असल्याची सूचना येते. रात्री अकरानंतर रस्ता शांत झाल्यावर माप घ्या. अजनीसारख्या भागात रेल्वेगाड्यांच्या भोंग्याचं काही करता येत नाही. भोंगा मधेच वाजला तर त्या जागेचं माप पुन्हा घ्या.

उन्हाळ्यात आवाजाचा वेग वाढतो म्हणून पुन्हा माप घ्यावं का, असा प्रश्न विचारला जातो. जानेवारीच्या १२ अंशांना आणि मे महिन्याच्या ४४ अंशांना वेगात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो हे खरं. पण तो सगळ्या स्पीकरांना एकाच प्रमाणात लागू होतो, म्हणून आपसातलं गणित बिघडत नाही. खिडकीतल्या कूलरसाठी काच कायमची उघडी राहत असेल तर मात्र वेगळी गोष्ट. बंद आणि उघड्या खोलीत बेस वेगळा वागतो, त्यामुळे ज्या स्थितीत तुम्ही वर्षातला जास्त काळ पिक्चर पाहता, त्याच स्थितीत माप घ्या.

माप सुरू असताना खोलीबाहेर थांबा किंवा स्पीकर आणि माइकच्या मधे येऊ नका. सबच्या आवाजाने काय काय खणखणतं हेही ऐकून ठेवा. शोकेसची काच, पीओपीतला सैल दिवा, देव्हाऱ्यातली घंटा, हे सगळं नंतर चित्रपटात डोकं खाणार आहे. काचेखाली फेल्टचे तुकडे, घंटेला कापड, झालं.

'फेज' किंवा वायपाओचा डब्ल्यू-१ इशारा (स्पीकरची वायर उलटी जोडल्याचा) आला तर त्या स्पीकरच्या मागची लाल-काळी वायर दोन्ही टोकांना पाहा. बरोबर असेल तर इशारा बिनधास्त पुढे ढकला. काही स्पीकरांची रचनाच अशी असते की माइकला ते उलटे वाटतात. 'स्पीकर नाही' असा संदेश आला तर वायर बाहेर निघाली आहे का तेवढं बघा.

मोजणी झाली, आता हात घाला

इथेच खरी चूक होते. निकालाचा स्क्रीन पाहून 'सेव्ह' दाबलं जातं आणि लोक उठतात. यंत्राने मोजलेलं सगळं खरं असतं, पण त्यावरून घेतलेले काही निर्णय तुमच्या सोयीचे नसतात.

पहिलं म्हणजे स्पीकरचा आकार. पुढचे स्पीकर थोडे मोठे असले की रिसीव्हर त्यांना 'लार्ज' म्हणून टाकतो. म्हणजे सगळा बेस त्याच स्पीकरांना जाईल आणि सब नुसता एलएफईपुरता राहील. सब असेल तर सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बेस सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. टीव्हीशेजारचे बुकशेल्फ लहान असतील तर १०० ते १२०. एक नियम पाळा: रिसीव्हरने काढलेल्या आकड्यापेक्षा क्रॉसओव्हर वर नेता येतो, खाली आणायचा नाही. उदाहरणार्थ सेंटरसाठी ११० आला असताना तुम्ही तो ६० केला, तर ६० ते ११० मधला भाग त्या स्पीकरला नीट वाजवता येत नाही आणि त्या पट्ट्याची दुरुस्तीही झालेली नसते. पुरुषांचे आवाज मग पोकळ, डब्यातून आल्यासारखे येतात. एलएफईचा लो-पास १२० वर, आणि सबवूफर मोड 'एलएफई'वर ठेवा, 'एलएफई + मेन'वर नाही. यामाहात 'एक्स्ट्रा बेस' बंद करा. दोन्हीकडून एकच बेस वाजला की तो जड होतो आणि त्याची धार जाते.

दुसरं, सबची पातळी. निकालात सबला उणे १२ डेसिबल आला असेल तर त्याचा नॉब खूप वर आहे आणि रिसीव्हरची खाली जाण्याची मर्यादा संपली आहे. हा आकडा हाताने बदलून काम भागणार नाही. सबवरचा नॉब थोडा खाली करा आणि माप परत घ्या, आकडा साधारण उणे ६ ते अधिक ३ च्या दरम्यान येईपर्यंत. माप झाल्यावर बेस कमी वाटला, आणि पहिल्यांदा माप घेणाऱ्यांना तसं हमखास वाटतं, तर लगेच काही वाढवू नका. इतके दिवस एकाच सुरात घुमणारा बेस ऐकायची सवय झालेली असते. आठवडाभर ऐका, मग हवं तर सब २ किंवा ३ डेसिबल वाढवा.

तिसरं, अंतर. सब जवळ असूनही रिसीव्हर त्याचं अंतर फुटा-दोन फुटांनी जास्त दाखवतो. फीत घेऊन ते 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा उशीर रिसीव्हर त्या अंतरात मोजतो. बाकीच्या स्पीकरांची अंतरं मात्र फितीने तपासून घ्या. सेंटरचं ९ फूट अंतर १६ दाखवत असेल तर समोरच्या काचेवरून आलेला आवाज माइकने पकडला आहे, माप परत घ्या.

मग डायनॅमिक इक्यू. कमी आवाजात ऐकताना कानाला बेस आणि मागचे स्पीकर कमी वाटतात, ते हा भरून काढतो. ही सोय चांगली आहे, पण त्यातला 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' (ही भर किती कमी करायची तो आकडा) न पाहता सुरू केली तर टीव्हीच्या बातम्यांतही जमीन हादरते. चित्रपटांना ०, टीव्ही मालिका आणि सिनेसंगीताला १० किंवा १५. यामाहात हेच काम वायपाओ व्हॉल्यूम करतो. डायनॅमिक व्हॉल्यूम मात्र बंदच ठेवा. तो हळू आवाज उचलतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे रात्री पोरं झोपली असताना उपयोगी, एरवी चित्रपटाचा जीव काढून घेतो.

ऑडिसीच्या पैसे देऊन घ्यायच्या ॲपमधे दोन गोष्टी कराव्यात अशा आहेत. २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम घातलेला खड्डा, म्हणजे 'मिडरेंज कॉम्पेन्सेशन', बंद करा. आणि दुरुस्ती ३०० ते ५०० हर्ट्झपर्यंतच मर्यादित ठेवून ऐकून पाहा. चांगले स्पीकर असतील तर वरचा भाग त्यांच्यावरच सोडलेला बरा. यामाहात पॅरामेट्रिक इक्यूचे, म्हणजे सुरांच्या दुरुस्तीचे, 'फ्लॅट', 'फ्रंट' आणि 'नॅचरल' असे प्रकार मिळतात. टाइल्सच्या चकचकीत खोलीत 'नॅचरल' सहसा कानाला बोचत नाही.

सगळे आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कधी रिसेट करावा लागला तर हे फोटो कामी येतात.

मोड

आता येऊ रिमोटकडे. मोडला हात लावण्याआधी 'इन्फो' बटण दाबा. स्क्रीनवर आत येणारा सिग्नल आणि बाहेर जाणारा मोड, दोन्ही दिसतात. आत 'डॉल्बी डिजिटल प्लस' आणि बाहेर 'स्टीरिओ' असेल तर मागचे स्पीकर गप्प का आहेत हे वेगळं सांगायला नको. आत 'पीसीएम २' (साधा दोन स्पीकरांपुरता आवाज) दिसत असेल आणि तुम्ही ॲटमॉसवाला (डॉल्बीचा वरूनही येणाऱ्या आवाजाचा) चित्रपट लावला असेल, तर दोष रिसीव्हरचा नाही. टीव्हीच्या आवाज सेटिंगमध्ये जा आणि डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. रिसीव्हरची एचडीएमआय केबल टीव्हीवरच्या एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या) हवी. साध्या एआरसीवरून स्ट्रीमिंगचा ॲटमॉस जातो, पण ब्ल्यू-रेचा ट्रूएचडी ॲटमॉस जात नाही. त्यासाठी ई-एआरसी लागतं, किंवा प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडा.

चित्रपट डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये असेल तर जो फॉरमॅट आला तोच चालू द्या. यामाहात यासाठी 'स्ट्रेट' उत्तम. यामाहाचे 'साय-फाय', 'अॅडव्हेंचर' हे कार्यक्रम आवाजात खोलीचा भास मिसळतात. टाइल्सच्या हॉलमध्ये आधीच एक भास फुकट मिळालेला असतो, दुसरा कशाला.

बातम्या, मराठी मालिका, जामठ्याचा क्रिकेट सामना, हे बहुतेक स्टीरिओमध्ये येतं. इथे 'डॉल्बी सराउंड' लावा. समालोचन सेंटरला बसतं आणि प्रेक्षकांचा गलका मागे पसरतो. 'डीटीएस न्यूरल:एक्स' जास्त पसरवतो, छतातले स्पीकर असतील तर तो आवडेल. 'मल्टी चॅनल स्टीरिओ' लावला तर समालोचक तुमच्या मानेमागून बोलायला लागतो. हा मोड फक्त गणपतीत किंवा वाढदिवसाला पाहुणे हॉलभर पसरलेले असतात तेव्हासाठी.

गाण्यांबद्दल सर्वांत मोठा गैरसमज 'प्युअर डायरेक्ट'चा आहे. नाव ऐकून वाटतं हाच शुद्ध. पण डायरेक्ट आणि प्युअर डायरेक्टमध्ये ऑडिसी किंवा वायपाओची दुरुस्तीच बंद होते. म्हणजे एवढा खटाटोप करून खोलीतला जो घुमा कापला, तो परत आला. गाण्यांसाठी साधा 'स्टीरिओ' ठेवा. त्यात दुरुस्ती चालू राहते, क्रॉसओव्हरही, आणि सब आपला वाटा उचलतो.

जुनी मोनो नाट्यपदं आणि भावगीतं लावलीत तर 'डॉल्बी सराउंड' टाळा. दोन्ही बाजूंना एकच आवाज असला की तो मोड सगळं उचलून सेंटरला देतो, आणि गायक टीव्हीखालच्या खोक्यात जाऊन बसल्यासारखा ऐकू येतो. 'स्टीरिओ'त तोच आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध मोकळा उभा राहतो. तरीही सराउंड हवा असेल तर 'सेंटर स्प्रेड' (सेंटरचा आवाज बाजूच्या स्पीकरांतही पसरवणारी सोय) चालू करा.

कूलर चालू असताना संवाद बुडतात तेव्हा पूर्ण आवाज वाढवू नका. सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबल वाढवा. पाऊस सुरू होऊन कूलर बंद झाला की परत खाली आणा, नाहीतर हिवाळ्यात सगळे पात्रं ओरडत असल्यासारखी वाटतील.

हे सगळं रोज कोण करणार, म्हणून बटणांवर साठवा. डेनॉन-मरांत्झमध्ये 'क्विक सिलेक्ट' आणि यामाहात 'सीन' बटण काही सेकंद दाबून धरलं की चालू इनपुट आणि मोड त्यावर बसतो. १ वर चित्रपट, २ वर टीव्ही आणि 'डॉल्बी सराउंड', ३ वर गाणी आणि 'स्टीरिओ', ४ वर रात्रीसाठी डायनॅमिक व्हॉल्यूम. साठवल्यावर प्रत्येक बटण एकदा दाबून 'इन्फो'मध्ये मोड बरोबर आला का ते पाहा. डेनॉनमध्ये आवाजाची पातळीही सोबत साठते, म्हणून ४ वर साठवताना आवाज आधीच कमी करून ठेवा.

सोफा हलवला, सबची जागा बदलली, मोठा गालिचा टाकला किंवा दिवाणाऐवजी आलमारी आणली, तर पुन्हा माप घ्या. नुसता टीव्ही बदलला आणि सेंटर तिथेच राहिला, तर गरज नाही.